काउंटरवर दिलेला शब्द

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ-दहा दिवस उरले की धुळ्याच्या बाजारात लग्नाचं आंदण घेणारी गर्दी सुरू होते. ही माणसं एकेकटी येत नाहीत. नवरीचे आई-वडील, एखादा काका, हिशेबाला पक्का मामा आणि मोबाइल हाताळणारा कॉलेजातला एक पोरगा, असा पाच-सहा जणांचा ताफा गाडी करून येतो आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर एका खेपेत घेऊन जातो. माझा मावसभाऊ एका मोठ्या साखळी-दुकानाच्या धुळ्यातल्या शाखेत कित्येक वर्षं या गर्दीपुढे उभा आहे. उभा म्हणजे खरोखरच उभा. सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ, जेवणाचा अर्धा तास सोडला तर त्याला बसायला खुर्ची नाही.

एका आखाजीला मी दुपारभर त्याच्याजवळ होतो. साक्री तालुक्यातलं एक कुटुंब आलं. पांढऱ्या टोपीतल्या वडिलांनी सगळ्यांत मोठ्या दोन दारांच्या फ्रिजवर हात ठेवला आणि विचारलं, "भाऊ, हाऊ कितलाले शे?" भावाने किंमत सांगितली आणि पाठोपाठ स्वतःच विचारायला लागला. पोरगी कुठे दिली? घरात माणसं किती? फ्रिज स्वयंपाकघरात राहणार की पडवीत? तिकडे लाइट कशी असते? मग खिशातून दहाची नोट काढली, फ्रिजच्या दारात धरून दार लावलं आणि नवरीच्या आईला म्हणाला, "काकू, ओढा." नोट अडकली. "घरी गेल्यावर दर सहा महिन्यांनी असं करून बघायचं. नोट सुळकन निघाली की समजायचं, दाराचं रबर गेलं. मग कॉम्प्रेसर दिवसभर पळतो आणि बिल वाढतं." पाऊण तासाने ते कुटुंब मोठा फ्रिज सोडून मधल्या आकाराचा घेऊन निघालं. नवरीच्या सासरी तीनच माणसं होती. मोठ्या फ्रिजवर भावाचा इन्सेन्टिव्ह जास्त होता, हे मला त्याने संध्याकाळी सांगितलं.

बिल करताना त्याने वाढीव वॉरंटीची योजना समजावली. कंपनीचं एक वर्ष संपल्यावर पुढची दोन वर्षं. वडिलांनी मामाकडे पाहिलं, मामाने भावाकडे, आणि मग वडिलांनी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील एकटेच, एसटीने, परत आले. घरच्या पोराने योजनेची नोंद करायला दुकानाच्याच कंपनीचं अ‍ॅप उघडलं होतं. तिथे तीच योजना, तेवढ्याच वर्षांची, सात-आठशे रुपयांनी स्वस्त होती. वडील चिडलेले नव्हते. आवाजही चढला नव्हता. एवढंच म्हणाले, "कंपनी कोण, मला काय माहीत? पैसे तुझ्या सांगण्यावरून दिले."

भावाकडे याला उत्तर नव्हतं. दुकानाचं नाव तेच, बिलावरचा शिक्का तोच, आणि अ‍ॅपवरची किंमत त्याला काउंटरवर देता येत नव्हती. ती 'फक्त ऑनलाइन' होती. मॅनेजरची परवानगी काढून त्याने काउंटरवरची योजना रद्द करवली आणि वडिलांचा मोबाइल घेऊन अ‍ॅपवरची योजना स्वतःच्या बोटांनी भरून दिली. ओटीपी आला, पैसे गेले, पावती आली. वडील समाधानाने निघून गेले. महिनाअखेर ती विक्री भावाच्या खात्यातून वजा झाली आणि अ‍ॅपच्या खात्यात जमा झाली.

मी तेव्हापासून या विषयाच्या मागे आहे. धुळे आणि जळगाव, महामार्गाने जेमतेम ९० किलोमीटर, मध्ये पारोळा आणि एरंडोल. या दोन शहरांत मी दुकानांत उभा राहिलो, चहाच्या टपऱ्यांवर बसलो, नातेवाइकांच्या ओळखी काढल्या. ज्यांच्याशी बोललो त्यांची आणि त्यांच्या मालकांची नावं इथे देत नाही. कारण उघड आहे, नोकरी त्यांची आहे.

या धंद्यात पगार दोन भागांत येतो. पहिला भाग ठरलेला. त्यातून खोलीचं भाडं आणि किराणा निघतो. दुसरा भाग इन्सेन्टिव्ह. मुलांच्या शाळेची फी, गाडीचा हप्ता, आईची औषधं या दुसऱ्या भागावर असतात. इन्सेन्टिव्ह मिळतो टार्गेट गाठल्यावर. काही ठिकाणी टार्गेटच्या ठरावीक टक्क्यांखाली राहिलात तर विकलेल्या मालावरही काही मिळत नाही. आणि या टार्गेटमध्ये आता यंत्रांच्या बरोबरीने एक वेगळा रकाना आलाय, 'अटॅच'. म्हणजे विकलेल्या यंत्रांपैकी कितींना वाढीव वॉरंटी जोडली. सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न याच रकान्याचा असतो.

तो का, हे समजायला साधा हिशेब पुरतो. आकडे माझे, केवळ समजण्यासाठी. समजा शंभर जणांनी ३,००० रुपयांची योजना घेतली. ३ लाख जमले. त्यातल्या पंधरा जणांचं यंत्र त्या मुदतीत बिघडलं आणि प्रत्येकी ४,००० खर्च आला, तर गेले ६० हजार. यंत्राच्या किमतीत मात्र सगळे एकमेकांची मान धरून बसलेले असतात. शेजारचं दुकान दोनशे रुपये कमी सांगतं, मोबाइलवर आणखी तीनशे कमी दिसतात. कमाई उरली ती हप्त्यांच्या फायनान्समध्ये आणि वॉरंटीत. म्हणून मालकाला वॉरंटी दोन्ही दारांनी विकायची आहे, काउंटरवरूनही आणि मोबाइलवरूनही. मोबाइलच्या दाराला पगार, टार्गेट, दिवाळीचा बोनस काही द्यावं लागत नाही. मग तिथला भाव पाडता येतो.

आणि अडचण अशी की मोबाइलचं दार काउंटरच्या दारातूनच उघडतं. गिऱ्हाईक ४२४००१ किंवा ४२५००१ असा पिनकोड टाकतं, आणि पुष्कळदा माल जातो तो याच शाखेच्या गोदामातून. खोकं उतरवतो काउंटरवरचाच पोरगा. डेमो त्याने दिलेला असतो, मॉडेलचा नंबर त्याने चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो. 'घरी विचारून सांगतो' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक रात्री जेवणानंतर ऑर्डर टाकतं. विक्री झाली, मालकाच्या गल्ल्यात पैसे आले. काउंटरच्या रकान्यात मात्र शून्य.

जळगावला रिंग रोडवरच्या एका दुकानात वॉशिंग मशीनच्या रांगेजवळ एक मुलगी उभी असते. पिंप्राळ्याहून रिक्षाने येते. तिला दुकान पगार देत नाही. ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीची प्रमोटर, आणि कंपनीचीही थेट नाही. मधल्या एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पटावर तिचं नाव. छातीवर कंपनीचा बिल्ला, पगारपत्रकावर एजन्सी, हुकूम दुकानाच्या मॅनेजरचा. तिच्या कंपनीने स्वतःच्या वेबसाइटवर त्याच यंत्रावर वाढीव वॉरंटी फुकट जोडून दिली होती. "ताई, तुमच्याच कंपनीचं आहे ना हे?" असं म्हणून बायका तिच्यासमोर मोबाइल धरतात. तिला 'हो' म्हणावं लागतं. खोटं बोलावं असं तिला वाटत नाही, आणि खरं बोललं की गिऱ्हाईक जातं. तिने मला हे सांगताना एका यंत्राचं झाकण पुसायचं काम थांबवलं नाही, कारण हात रिकामा दिसला की कॅमेऱ्यात नोंद होते.

जळगाव ही सोन्याच्या व्यवहारात मुरलेली जागा आहे. इथे आजीने घेतलेली पाटली नात त्याच पेढीवर घेऊन येते, आणि पेढीवरचा माणूस कागद मागण्याआधी चेहरा ओळखतो. खानदेशातल्या माणसाच्या मनात हमी या शब्दाचा अर्थ असा तयार झालाय: ज्याने विकलं, तो उद्या तिथेच भेटेल. याच माणसाला आपण सांगतो आहोत की तुझी हमी आता एका लिंकमध्ये आहे.

त्या लिंकमध्ये काय असतं, ते जरा बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण काउंटरवरच्या माणसाची खरी किंमत तिथे कळते. फ्रिजवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, कॉम्प्रेसरला १० वर्षं वॉरंटी. बहुतेकांना वाटतं, फ्रिजला १० वर्षं. पूर्ण यंत्राची वॉरंटी सहसा एकाच वर्षाची. कॉम्प्रेसरच्या वॉरंटीत मिळतो तो कॉम्प्रेसर. गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या माथी येतो. वाढीव योजना यातली काही भोकं बुजवते, म्हणून ती अगदीच निरुपयोगी नाही. खानदेशात तर नाहीच. मेमध्ये इथे पारा ४५ च्या पुढे जातो, फ्रिज आणि एसी थांबत नाहीत. गावात व्होल्टेज खाली-वर होतं आणि इन्व्हर्टर एसीचं सर्किट बोर्ड जळतं, त्याची दुरुस्ती हजारोंत जाते. बोअरच्या जड पाण्याने वॉशिंग मशीनच्या हीटरवर क्षार बसतात.

पण त्याच योजनेच्या अटींत खाली बारीक अक्षरं असतात. उंदराने वायर कुरतडली तर साधारणपणे भरपाई नाही. व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान काही योजनांत धरलेलं, काहींत वगळलेलं. आणि खानदेशात सगळ्यांत जास्त माणसं अडकतात ती एका ओळीत: घरगुती यंत्राचा व्यावसायिक वापर केल्यास योजना लागू नाही. इथे घरचा फ्रिज उन्हाळ्यात रसवंतीवर जातो. दुधाच्या डेअरीत जातो. किराणा दुकान पुढच्या खोलीत आणि घर मागे असतं, फ्रिज दोन्हींचा. तंत्रज्ञ येतो, फ्रिजमध्ये थंड पेयांच्या बाटल्यांची रांग बघतो आणि दावा नाकारून जातो. माझा भाऊ हे विचारून घेतो. "काका, दुकानात ठेवणार असाल तर ही योजना घेऊ नका, पैसे वाया जातील." अ‍ॅप विचारत नाही. त्यात एक चौकोन असतो, 'मला अटी मान्य आहेत', त्यावर बोट ठेवलं की झालं.

पिनकोडचाही प्रश्न असतो. चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा शिरपूर तालुक्याच्या वरच्या अंगाला तंत्रज्ञ यायला किती दिवस लागतात, हे काउंटरवरच्या माणसाला अनुभवाने ठाऊक असतं.

एक गोष्ट मला लपवायची नाही. काउंटरवरच्या माणसांनीही वॉरंटी वाटेल तशी विकली आहे. 'अटॅच'चा रकाना भरायला महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत काय चालतं, हे मला याच लोकांनी सांगितलं. हप्त्यांच्या रकमेत योजना घालून टाकायची आणि गिऱ्हाइकाला फक्त महिन्याचा हप्ता सांगायचा. 'आज घेतली नाही तर पुन्हा मिळणार नाही' म्हणायचं. कंपनीच्या एका वर्षाला आणि विकतच्या दोन वर्षांना एकत्र करून 'तीन वर्षं कंपनीची गॅरंटी' सांगायचं. हे चूक आहे, आणि टार्गेटचं ओझं हे त्याचं कारण असलं तरी माफी नाही. ऑनलाइन बाजारात न विचारता टोपलीत वस्तू सरकवण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसवणुकीचा प्रकार ठरवलं. हप्त्यात गुपचूप घातलेली वॉरंटी त्याहून वेगळी नाही. गिऱ्हाइकाने १९१५ वर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. ज्या सेल्समनने असं केलं त्याची बाजू मी घेणार नाही.

माझं म्हणणं ज्याने केलं नाही त्याच्याविषयी आहे. नीट विकणाऱ्याचा तोटा होतो, हे मला सहन होत नाही.

ब्रिटनने या वाढीव वॉरंटीच्या बाजाराची चौकशी केली आणि २००५ साली हुकूम काढला: वॉरंटीची किंमत यंत्राच्या किमतीशेजारी लिहा, काउंटरवर सांगितलेला भाव ३० दिवस टिकवा, आणि ४५ दिवसांत गिऱ्हाइकाने रद्द केलं तर सगळे पैसे परत द्या. बाकी नियम गिऱ्हाइकासाठी आहेत. पण तो ३० दिवस भाव टिकवण्याचा नियम मला काउंटरवरच्या माणसासाठीही मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे 'आजच घ्या' हे खोटं त्याच्या तोंडून वदवून घेता येत नाही.

अमेरिकेत दुसरं टोक दिसलं. सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीने २००३ मध्ये कमिशन बंद केलं आणि कमिशनवरच्या सुमारे ३,९०० जणांना घरी पाठवलं. २००७ मध्ये पगार जास्त आहे म्हणून आणखी सुमारे ३,४०० जणांना काढलं. म्हणजे ज्यांना माल कळत होता तेच गेले. २००८ च्या नोव्हेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००९ मध्ये दुकानं बंद झाली. बुडण्याची कारणं अनेक होती, त्या साली मंदीही होती. तरी अनुभवी माणूस हा खर्चाचा आकडा समजून पुसून टाकणाऱ्यांनी ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी.

काउंटर आणि अ‍ॅपच्या वेगळ्या किमतींच्या या भांडणाचा एक चुलतभाऊ आपल्या महाराष्ट्रातच आहे. २०२१ च्या डिसेंबरात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने तक्रार केली की कंपन्या आम्हाला एका भावाने माल देतात आणि ऑनलाइन घाऊक कंपन्यांना त्याहून स्वस्त देतात. दुकानदार आम्हाला चोर समजू लागले. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटची एक टूथपेस्ट दुकानांना देणंच थांबवलं. २०२४ च्या एप्रिल महिन्यात दक्षिणेतल्या मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनेने वनप्लसचे फोन विकणं बंद करू असं जाहीर केलं. साक्रीच्या त्या वडिलांनी माझ्या भावाला जे ऐकवलं तेच या वितरकांना दुकानदार ऐकवत होते. फरक एवढाच की वितरकाकडे भांडवल आहे, गोदाम आहे, संघटना आहे. तो माल अडवू शकतो. काउंटरवरचा पोरगा काय अडवणार?

त्याच्यासाठी कायदाच नव्हता असंही नाही. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी लढून मिळवलेला विक्री संवर्धन कर्मचारी कायदा १९७६ चा. नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक, भरपगारी रजा, औद्योगिक विवादाचा हक्क. २०११ साली केंद्राने त्याच्या कक्षेत आणखी दहा उद्योग घेतले, त्यांत इलेक्ट्रॉनिक्स आणि विजेची उपकरणंही होती. जळगाव-धुळ्यात मी ज्यांना विचारलं त्यांपैकी एकानेही या कायद्याचं नाव ऐकलं नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरला. नेमणूकपत्राचा हक्क संहितेत आहे. पिंप्राळ्याच्या त्या मुलीला एजन्सीने दिलेलं पत्र मी पाहिलं. त्यात ठरलेला पगार आहे. इन्सेन्टिव्हबद्दल एकच ओळ, कंपनीच्या वेळोवेळीच्या धोरणानुसार. ज्या भागावर घर चालतं तो भाग कागदावर नाहीच. आणि जाता जाता: दुकानातल्या माणसांना बसायला जागा द्या, असा कायदा केरळने २०१८ मध्ये केला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. आपल्या राज्यातही तो व्हायला हवा. कुणाच्या पोटरीवर फुगलेल्या शिरा बघायच्या असतील तर धुळ्याला या, मी दाखवतो.

मला मार्ग अवघड वाटत नाही. भावाच्या दुकानात डेमो दिला की टॅबलेटवर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घातला जातो, म्हणजे नोंद आधीपासून आहे. त्याच नंबरावरून पुढच्या महिनाभरात त्याच मालकाच्या अ‍ॅपवर यंत्र किंवा वॉरंटी घेतली गेली, तर डेमो देणाऱ्याच्या रकान्यात ती विक्री धरायची. आणि स्वतःच्याच दुकानापेक्षा स्वतःच्याच अ‍ॅपवर वॉरंटी स्वस्त विकायची असेल, तर तो भाव काउंटरवरच्या माणसालाही देऊ द्यायचा. ज्या नंबरावर मालक जाहिरातीचे मेसेज पाठवू शकतो, त्या नंबरावरून मजुरीचा हिशेब करता येत नाही, हे मला पटत नाही.

भावाला मी हे बोलून दाखवलं. रात्रीचे दहा वाजून गेले होते, आम्ही पांझरेच्या पुलाजवळ चहा घेत होतो. त्याने बॅगेतून एक वही काढली. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. आत रकाने आखलेले: नाव, गाव, यंत्र, घेतल्याची तारीख, कंपनीचं वर्ष संपण्याची तारीख. ही वही दुकानाची नाही, त्याची स्वतःची. वर्ष संपायच्या पंधरा दिवस आधी तो फोन करतो, "काका, फुकटातली सर्व्हिस राहिली असेल तर आत्ता मागून घ्या." साक्रीच्या त्या कुटुंबाचंही नाव त्यात होतं. वॉरंटीच्या रकान्यात त्याने पेन्सिलने 'अ‍ॅप' असं लिहिलं होतं आणि शेजारी तारीख घातली होती.

"हा फोनही करणार?" मी विचारलं.

"करावा लागेल ना. त्यांच्या पोराला अ‍ॅपमधलं समजतं, पण तंत्रज्ञ आला की त्याला काय विचारायचं ते नाही समजत."

वही बॅगेत गेली. सकाळी साडेदहाला त्याला पुन्हा उभं राहायचं होतं.